ऑर्किड मातीत लावू नका हो!

संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑर्किडची कुंडी कशी बदलायची यावर छोटा लेख होता, त्यात 'बागेची माती आणि शेणखत निम्मं निम्मं घ्या आणि रोज पाणी द्या' असं छापलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण मी नेमकं हेच करून माझं पहिलं ऑर्किड महिन्याभरात मारलंय.

वास्तुशांतीला कोणीतरी दिलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस होतं, बाजारात गिफ्ट म्हणून मिळतं ना तेच. मला वाटलं एवढंसं प्लॅस्टिकचं भांडं, बिचाऱ्याला नीट जागा देऊ, म्हणून मोठी मातीची कुंडी आणून चांगली शेणखत घातलेली माती भरली. मुळं कुजली, पानं पिवळी पडून एकेक गळली. कोकणात मे-जूनमध्ये झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, लोंबताना बघितली असेल, तिला कोण माती घालतं? ती बांडगूळही नाही, झाडातून काही शोषत नाही, नुसती सालीला धरून बसते आणि पाऊस आला की भिजते, वारा आला की वाळते. फॅलेनॉप्सिसच्या मुळांनाही हेच लागतं, हवा. मातीत ती गुदमरतात.

दुसरं झाड आणलं तेव्हा फुलं गळेपर्यंत थांबले आणि मग कुंडीतून काढलं. बाहेरची मुळं छान होती, पण मधोमध एक छोटी जाळीची वाटी आणि तिच्यात दाबून भरलेलं शेवाळ, बाहेरून कोरडं, आत चिंब, आणि वास अगदी ओल्या फडक्यासारखा. नर्सरीत रोप लहान असताना घातलेलं ते तसंच राहतं, म्हणून वरवर बघून काही कळत नाही. वाटी कापून हलक्या हाताने सगळं शेवाळ काढलं. मग एकेक मूळ चिमटीत दाबून बघायचं, घट्ट लागलं तर ठेवायचं, आणि साल सटकून हातात नुसता दोरा राहिला तर ते मेलेलं, कापून टाकायचं. कात्री आधी गॅसवर तापवून घ्या. कापलेल्या जागी मी दालचिनीची पूड लावते, पण जपून, चांगल्या मुळांवर पडली तर तीही सुकतात.

भरायला लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, सगळं रात्रभर बादलीत भिजवून. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच, पारदर्शक प्लॅस्टिकची मिळाली तर उत्तम, भोकं भरपूर. झाड डुगडुगत असेल तर काडी रोवून सुतळीने बांधा, हललं की नवीन मुळांची टोकं मोडतात.

आणि खरी परीक्षा इथून पुढे, कारण आपल्याला पाणी घातल्याशिवाय चैनच पडत नाही. कापलेल्या जागा सुकेपर्यंत चार-पाच दिवस पाणी नाही, सावलीत ठेवायचं, खत तर नवीन मूळ दिसेपर्यंत अजिबात नाही. पानं जरा मऊ पडतात तेव्हा घाबरायचं नाही (मी घाबरले होते, घरच्यांनी दोनदा माझ्या हातातून तांब्या काढून घेतला). नंतर मुळांचा रंगच सांगतो, हिरवी असली की ओल आहे, चांदीसारखी पांढुरकी झाली की पाणी द्या. तेही सकाळी. मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिश्यूने टिपून घ्या, तिथे कुजलं की झाड गेलंच समजा. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात कधीकधी आठवडाभर पाणी घालावं लागत नाही, पुण्याच्या उन्हाळ्यात ते चालणार नाही, त्यामुळे 'रोज' किंवा 'आठवड्यातून एकदा' असला नियम छापूच नये.

माझ्या झाडाला साधारण दीड महिन्याने खालच्या पानाजवळ तांबूस-हिरव्या टोकाचं मूळ फुटलं, तोवर मी काही नाही तर रोज टॉर्च मारून बघत होते. फूल अजून नाही.

आता पाऊस तोंडावर आलाय, लेख वाचून कोणी कुंडीत माती भरायच्या आधी पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)