नीलेशला पत्र : पहिली गाडी शंभर सीसीचीच घे

पुणे

प्रिय नीलेश,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून निवांत लिहायला बसलो. तुझा आतेभाऊ म्हणतोय, घ्यायचीच तर दीडशे सीसीची घे, दोन वर्षांनी पुन्हा बदलायला नको. मला ते अजिबात पटलेलं नाही. तू आजवर गिअरची गाडी चालवलेली नाहीस, उंची सव्वापाच फूट आणि रोजचा रस्ता धायरी ते शिवाजीनगर. हे सगळं धरलं तर शंभर सीसीच्या पुढे बघायची गरजच नाही. त्यातही माझं मत होंडा शाइन १०० ला.

संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रोडला गाडी पळवायला जागाच कुठे असते! राजाराम पुलाच्या चौकात सिग्नल सुटला की जरा पुढे सरकायचं, पुन्हा पाय टेकायचे. तिथे इंजिनात ताकद किती आहे यापेक्षा ती किती लवकर हाताशी येते हे बघायचं. कागदावर हिरोची स्प्लेंडर प्लस आणि शाइन १०० दोघींचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, अगदी सारखा आहे, ८.०५ न्यूटन मीटर. पण स्प्लेंडरला तो ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, शाइनला ५००० ला, म्हणजे आधीच. त्यामुळे शाइनवर दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चाललास तरी इंजिन धक्के न देता ओढत राहतं, सारखा हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच, धरावा लागत नाही. नवशिक्याची गाडी बंद पडते ती अशाच जागी, मागून हॉर्न वाजत असताना.

दुसरं म्हणजे वजन. शाइन १०० भरते ९९ किलो, स्प्लेंडर ११२ च्या आसपास, बजाजची प्लॅटिना १०० आणखी थोडी जड. हा फरक चालवताना फारसा कळत नाही. सोसायटीच्या दाटीवाटीच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना, मेन स्टँडला लावताना आणि खड्ड्यापाशी तोल जाताना मात्र तो चांगलाच कळतो. सीट ७८६ मिलिमीटर उंच आहे, तुझे दोन्ही पाय नीट टेकतील. प्लॅटिना मऊ आणि आरामशीर आहे, खड्डे छान गिळते, पण तिची सीट ८०७ ची. सुरुवातीला पाय जमिनीला पुरणं हाच मोठा आधार असतो रे. शिवाय साइड स्टँड खाली राहिला तर शाइनचं इंजिन चालू होत नाही. स्टँड तसाच ठेवून निघालेला माणूस पहिल्याच वळणावर पडतो, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते.

स्प्लेंडरला मी कमी लेखत नाही. १९९४ पासून ती रस्त्यावर आहे, कुठल्याही गावच्या फिटरला ती तोंडपाठ आहे आणि विकायला काढली की लगेच गिऱ्हाईक मिळतं. तू जुनी गाडी बघत असतास, तर मी स्प्लेंडरच सांगितली असती.

आता शाइनची खोड. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेकच आहेत, डिस्क नाही. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी जोडणी आहे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नकोस. पायाचा आणि हाताचा, दोन्ही ब्रेक एकदम लावायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलास की ड्रम ओले होतात आणि पकड ढिली पडते. पाणी ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चाल, म्हणजे ते सुकतात. आणि ही गाडी घेऊन कात्रजच्या बोगद्यातून साताऱ्याला जायचा विचार मनातही आणू नकोस. साठच्या वर इंजिन कुरकुरतं आणि ट्रक शेजारून गेला की हलकी गाडी हलते. गावी जायला एसटी आहे.

मार्च २०२३ मध्ये ती आली तेव्हा मुंबईत एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-विमा न धरता, ६४,९०० रुपये होती. शोरूमवाला काहीही बोलला तरी ऑन रोडचाच आकडा लिहून माग. त्यात पासिंग, रोड टॅक्स आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. तो नव्या दुचाकीला सक्तीचाच आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरक कोटेशनमध्ये दिसायला हवा. सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग असली यादी ते पुढे करतील, सरळ नाही म्हण. ते पैसे चांगल्या आयएसआय हेल्मेटला घाल. अ‍ॅव्हरेज मात्र शोरूममध्ये सांगतील तेवढं धरू नकोस. गर्दीत पन्नास-पंचावन्न मिळालं तरी पेट्रोलचा खर्च अंगावर येणार नाही.

लर्निंग लायसन्स आजच काढायला टाक, कारण पक्क्या लायसन्सच्या टेस्टआधी महिनाभर थांबावंच लागतं. तेवढ्यात मी तुला शिकवतो. रविवारी सकाळी लवकर धायरीला येतो, माझी गाडी घेऊन मोकळ्या मैदानावर जाऊ. पहिल्या दिवशी थ्रॉटलला हातच लावायचा नाही, नुसता क्लच सोडून गाडी पुढे न्यायची. क्लच कुठे धरतो ते हाताला कळलं की निम्मं काम झालं. आणि शोरूमला एकटा जाऊ नकोस, मी बरोबर येतो.

काकूंना नमस्कार सांग. गाडीचं ऐकून त्या काळजीत असतील, तर माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
मंदार