वाकळीतलं लुगडं

सोलापूर

प्रिय सुमे,

इथं सगळं ठीक. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. पत्र लिहितेय कारण काकूंचं हिरवं लुगडं सापडलं!

माडीवरची ती वाकळ आठवते ना, जिच्या भिंतीकडच्या बाजूसाठी आपण झिंज्या ओढायचो? वरून पार विरली होती. जुन्यालाच नवं अस्तर चढवायचं म्हणून आईनं उसवायला घेतली, तर आतून पिवळ्या काठाचा तो पदर निघाला. आईचा हातच थांबला. म्हणाली, "हे तर यमुनानं स्वतः आणून दिलेलं. मऊ झालंय, आत घाल म्हणाली होती." आणि काकू गेल्यावर याच लुगड्यापायी तू माझ्याशी अबोला धरलास, बाई! शेंगाचटणीची पैज लागली होती, विसरू नकोस.

पण आता मला घोर लागलाय. ते काढून तुला पाठवू का? अख्खं नऊवार चौपदरी घातलंय, म्हणजे पुरती माणसाएवढी लांबी. पण बोट लावलं की सूत पिंजतं. धावदोऱ्यानंच धरून ठेवलंय त्याला. आईच्या ओळी कडेनं सुरू होऊन चौकोनात आत आत जातात, बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं. जिथं टाका आहे तिथला हिरवा रंग अजून तसाच आहे, सुमे, दोऱ्याखाली झाकलेला. टाके उसवले तर हातात चिंध्याच येतील.

सून म्हणते, मशिनवर मारून आणू, तासाभराचं काम. मला ते पटत नाही. एवढे थर मशिनच्या पायाखाली सरकतात, वरचं कापड पुढं ढकललं जातं नि चुण्या पडतात. आई आधी जमिनीवर अंथरते, कडांवर वरवंटा ठेवते, लांब कच्चे टाके घालते, मग शिवायला बसते. आता सुईत दोरा मी ओवून देते, पण टाका अजून तिचाच सरळ पडतो. धाकटा तर म्हणाला, सोलापुरात राहून चादर का घेत नाही? चादरी आहेतच की घरात, चांगल्या जेकार्डच्या. त्यांत काकू नाहीत.

माझं मन म्हणतं, आतच राहू दे आणि वाकळच तू घेऊन जा. पदराचा कोपरा तेवढा उघडा ठेवता येईल, त्यावर अस्तर चढवायचं नाही.

निलूचं ठरलं म्हणे! तुझ्या वहिनीकडून कळलं, तुझ्याकडून नाही. भावजींची बदली झाली का?

चाटी गल्लीतून मांजरपाट आणून ठेवलंय. तुझा होकार आल्याशिवाय आईला सुई लावू देणार नाही. गड्ड्याच्या जत्रेला ये, नाहीतर निदान फोन कर.

तुझी,
शालन