थर्मोस्टॅट बदलताना कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : थर्मोस्टॅट बदलताना कूलंट निष्काळजीपणे काढणे, त्याऐवजी पाणी भरणे आणि बिल मात्र कूलंटचे लावणे.

महोदय,

आपल्या कंपनीच्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या सोमवारी मी माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा (कूलंटचा) प्रवाह तापमानानुसार उघडणारी-बंद करणारी झडप, बदलून घेतला. जुना थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन तापायला वेळ लागत होता आणि ॲव्हरेजही घटले होते. हे निदान अचूक होते आणि बसवलेल्या नव्या भागाबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कूलंट ज्या रीतीने काढले आणि पुन्हा भरले, त्याबद्दल.

गाडी नुकतीच रहदारीतून आली होती आणि इंजिन चांगलेच तापलेले होते. ते थंड होण्याची वाट न पाहता आपल्या कारागिराने रेडिएटरचे झाकण कापडाने धरून उघडले. आत दाबाखाली असलेले कूलंट उसळून त्याच्या हातावर आले असते, तर त्या मुलाला गंभीर भाजले असते. पुढे रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून खाली पसरट भांडे ठेवण्याऐवजी त्याने खालचा होज पाइपच उपसला आणि सगळे कूलंट फरशीवरून गटारात गेले. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि तितकेच विषारी असते. आपल्या फाटकापाशी बसणारी कुत्री ते चाटू शकतात, याचा विचार कोणीतरी करायला हवा होता.

बिलात चार लिटर कूलंटचे पैसे लावले आहेत. प्रत्यक्षात शनिवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर चढला, हीटर लावून पाहिला तर त्यातून गार हवा आली, म्हणून मी गाडी कडेला घेऊन बंद केली. साताऱ्यातील मेकॅनिकने इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडले, तेव्हा पातळी बरीच खाली होती आणि आत जवळजवळ रंगहीन पाणी होते. भरल्यानंतर हीटर चालू ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून अडकलेली हवा काढायची असते. ती काढलीच नसल्याचे त्याचे म्हणणे पडले. नळाच्या पाण्यातील क्षारांचे रेडिएटरमध्ये थर बसतात, शिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्यांचे संरक्षणही इंजिनाला मिळत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, आपण पूर्ण कूलिंग यंत्रणा विनामूल्य धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट माझ्यासमोर भरावे आणि हवा काढून द्यावी. इंजिन जास्त तापल्याने खराब होऊ शकणाऱ्या सिलिंडर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या दोन भागांमधील सीलची) तपासणी करून तिचा लेखी अहवाल द्यावा. न भरलेल्या कूलंटचे पैसे परत करावेत. गरम इंजिनाचे झाकण न उघडण्याची आणि काढलेले कूलंट बंद डब्यात साठवण्याची सक्त सूचनाही त्या केंद्राला द्यावी.

बिल आणि जॉबकार्ड यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. रेडिएटरमधून काढलेले पाणी बाटलीत जपून ठेवले आहे. आपला प्रतिनिधी आल्यास ते दाखवीन.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक, पुणे