पाणी मुरू द्यायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या बैठकीच्या खोलीतील चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची टाकी गेले पाच महिने उत्तम चालली आहे, आणि त्याचे श्रेय तुमचे आहे. समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही चहाचा विषय काढून मला थांबवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. पहिल्यांदाच मोठी टाकी मांडू पाहणाऱ्या कुणाच्या हाती ते पडले, तर तुम्ही मला जे दिले त्यातले थोडे त्यांनाही मिळेल.

गेल्या वर्षी काचेच्या गोल भांड्यात ठेवलेले माझे दोन गोल्डफिश दहा दिवसांत गेले, तेव्हा हा छंद आपल्यासाठी नाही असे मी ठरवून टाकले होते. विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मी रोज सगळे पाणी बदलत होते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात, चार-पाच लिटर पाण्यात तो काही तासांत साचतो, आणि त्यावर रोज क्लोरीनयुक्त नळाचे पाणी ओतले की माशांना दुहेरी मार बसतो, हे तुम्ही मला शांतपणे समजावलेत. जास्त पाण्यात चूक हळू पसरते, म्हणून नवशिक्याने मोठीच टाकी घ्यावी, हे तुमचे म्हणणे तेव्हा मला उलटे वाटले होते. आज ते शब्दशः पटले आहे.

टाकी खोलीच्या मधोमध ठेवण्याचा माझा हट्ट तुम्ही मोडलात, याबद्दल घरच्या सर्वांच्या वतीने आभार. काठापासून दोन इंच रिकामी ठेवूनही तिच्यात सुमारे २२५ लिटर पाणी मावते; काच, वाळू आणि स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. आमचे घर पहिल्या मजल्यावर असल्याने तुम्ही खाली जाऊन तुळई कुठून जाते ते पाहिलेत आणि तिच्यावरच्या भिंतीलगत जागा नेमून दिलीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडी अँगलचा स्टँड करून घेताना माझ्याबरोबर दोन खेपा घातल्यात, आणि काचेच्या तळाखाली थर्माकोलचा जाड पत्रा घातल्याशिवाय टाकी ठेवू दिली नाहीत, कारण खाली बारीकसा खडा राहिला तरी भरलेल्या टाकीची काच तिथे तडकू शकते. मी हौसेने आणलेल्या पांढऱ्या खड्यांवर तुम्ही व्हिनेगरचे थेंब टाकलेत आणि फेस येताच ते बाजूला ठेवायला सांगितलेत. असे चुनखडीचे खडे पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढवतात, आणि सामू वाढला की तेवढाच अमोनिया माशांना अधिक विषारी होतो.

यानंतरचे दिवस मला सर्वांत जड गेले. टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागले, आणि तरीही तुम्ही एकही मासा आणू दिला नाहीत. "जरा दमानं घे. लोणचं मुरतं तसं पाणी मुरू दे, मग मासे सोड," एवढेच तुम्ही म्हणालात. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचे, त्यातून अमोनिया तयार होऊ द्यायचा, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात, हे सगळे चाचणीच्या थेंबांच्या रंगांत पाहायला तुम्ही मला शिकवलेत. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइटचा जांभळा रंग काही केल्या उतरेना, तेव्हा माझा धीर सुटत आला होता. त्या संध्याकाळी भर पावसात तुम्ही तुमच्या जुन्या टाकीतला काळपट, चिकट स्पंज तिच्याच पाण्यात बुडवून पिशवीतून आणलात आणि माझ्या फिल्टरमध्ये बसवलात. एकतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. एवढे दिवस जपलेली जिवाणूंची वसाहत कुणी दुसऱ्याला काढून द्यावी, यापेक्षा मोठी मदत या छंदात मला तरी माहीत नाही.

ऑस्कर जातीचा मासा एक फुटापर्यंत वाढतो, हे सांगून तुम्ही मला त्याच्या मोहातून सोडवलेत. आधी सहा झेब्रा डॅनिओ, दोन आठवड्यांनी दहा ब्लॅक स्कर्ट टेट्रा, मग तळाशी फिरणारे सहा कॉरिडोरस, असा क्रम तुम्ही लावून दिलात. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातील नद्यांचा मासा आहे हे कळल्यावर मला त्याची वेगळीच माया वाटू लागली. दर रविवारी चार बादल्या पाणी बदलते, नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढते, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते. डिसेंबरच्या रात्री कोल्हापुरातही गारठा उतरतो, तेव्हा दोनशे वॉटचा हीटर पाणी २५ अंशांवर धरून असतो. पाणी उपसण्याआधी तो बंद करून पंधरा मिनिटे थांबायचे, ही तुमची सूचना स्टँडवर चिकटवून ठेवली आहे.

२०१९ च्या महापुरात वीज गेली असताना तुम्ही आणि काकूंनी पाळीपाळीने तांब्याने पाणी वरून ओतत मासे जगवले, ते तुम्ही मला एकदाच, ओझरते सांगितलेत. त्यानंतर मी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवला, आणि वीज गेली की खाद्य बंद करते.

तुम्ही दिलेल्या स्पंजाशेजारी मी दोन महिन्यांपासून आणखी एक स्पंज टाकीत मुरवत ठेवला आहे. शेजारच्या वहिनींच्या मुलाला टाकी मांडायची आहे. त्याला तो द्यायला येत्या रविवारी तुम्ही यावे आणि येताना काकूंनाही आणावे, ही विनंती. चहा मी टाकेन.

तुमची कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची पुतणी