निळ्या ओळी नकोत म्हणालात, म्हणून हे पत्र

युट्रेख्त, नेदरलँड्स, 16 मार्च

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, तुमचा निरोप दादाकडून पोचला. "तिला सांग, त्या निळ्या ओळी पाठवू नकोस, मी कशालाच बोट लावत नाही." वस्तीवरच्या तात्यांचे वीजबिलाच्या खोट्या लिंकवर पैसे गेले तेव्हापासून तुम्ही हे व्रत धरलंय. बरोबरच आहे, मोडू नका. पण दोन महिने मी एकेक गंमत शोधून पाठवतेय आणि तुम्ही सगळ्या न बघता वर सरकवताय, हे कळल्यावर थोडं लागलंच. म्हणून आता जे काय सांगायचं ते लिहूनच. दादा मोठ्या अक्षरात छापून आणेल.

आई, तुझ्यापासून सुरुवात. तू म्हणतेस ना, या इंटरनेटने माणसं आळशी केली? अगदी खरं आहे. इंग्लंडात केंब्रिजच्या विद्यापीठात संगणकाचा विभाग होता. कॉफीचं भांडं एकच, तेही एका खोलीबाहेर. दुसऱ्या मजल्यांवरचे लोक जिने चढून यायचे तर भांडं रिकामं. मग 1991 साली त्यांनी त्या भांड्यावर कॅमेराच रोखला, म्हणजे बसल्या जागी दिसावं कॉफी आहे की संपली. 1993 मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरातले लोक परक्याच्या कॉफीची पातळी बघत बसले. 2001 ला कॅमेरा बंद झाला, तेव्हा त्या बिघडलेल्या भांड्याचा लिलाव 3,350 पौंडांना गेला. एका जर्मन साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने घेतलं. आणि आपण पितळेचा बंब मोडीत घातला!

मेलबर्नच्या झाडांचं तर तुला ऐकवायलाच हवं. तिथल्या पालिकेने शहरातल्या झाडांना नंबर दिले आणि प्रत्येकाला ईमेलचा पत्ताही दिला. फांदी मोडली, कीड लागली तर लोकांनी कळवावं, इतकाच हेतू. लोकांनी 2013 पासून झाडांना पत्रंच लिहायला सुरुवात केली. तू छान दिसतेस, तुझ्या सावलीतून रोज जाते, परीक्षा आहे, आशीर्वाद दे, असली. काहींना झाडाच्या नावाने उत्तरंही गेली. पालिकेतल्या कुणा कारकुनावर झाड होऊन उत्तर लिहायची वेळ आली असेल, त्याचा मला फार हेवा वाटतो. तू शेवग्याशी भांडतेस ते लेखी नसतं एवढाच फरक.

अण्णा, आता तुमचं. डांबरासारखा एक पदार्थ असतो, हातोडीने फोडला तर काचेसारखा फुटतो. पण तो घट्ट नाही, द्रवच आहे, हे पोरांना दाखवायला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने 1927 साली तो तापवून नरसाळ्यात ओतला. तीन वर्षं थिजू दिला, मग खालचं तोंड कापलं. तेव्हापासून तो ठिबकतोय. किती? 2014 पर्यंत नऊ थेंब! जॉन मेनस्टोन नावाच्या प्राध्यापकांनी 1961 पासून त्याची राखण केली. 1988 ला थेंब पडला तेव्हा ते काहीतरी प्यायला जरा बाहेर गेले होते. 2000 साली कॅमेरा लावून ठेवला होता, नेमका तो बंद पडला. पुढचा थेंब 2014 च्या एप्रिलात उतरला, आणि ते 2013 मध्येच वारले. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ तशीच बसले.

असो. खरं पत्र इथून पुढे आहे.

आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर वेर्डस्लाउस म्हणून कालव्याचं जुनं दार आहे. बोट आली की माणूस येऊन दार उघडतो. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात, पण तेव्हा बोटी फारशा नसतात, म्हणून दार बंदच. मासे दारापाशी खोळंबतात आणि पाणकावळ्यांचं आयतं फावतं. यावर यांनी 2021 पासून काय करावं? पाण्याखाली कॅमेरा लावला आणि इंटरनेटवर एक बटण ठेवलं. जगात कुठेही बसून बघा, मासा दिसला की बटण दाबा, म्हणजे माशाच्या वतीने घंटा वाजली. त्या क्षणाचा फोटो इथल्या लोकांकडे जातो, आणि पुरेसे मासे जमले की दार उघडतं. माशांची दारघंटा! (डचमध्ये माशाला 'विस' म्हणतात. नवीन आले तेव्हा बाजारात मासेवाला 'विस, विस' ओरडत होता, मला वाटलं भाव सांगतोय.)

परवा पहाटे झोप मोडली म्हणून उघडून बसले. पडद्यावर नुसतं हिरवट गढूळ पाणी, शेवाळाचे कण डावीकडून उजवीकडे चाललेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गोगलगाय काचेवरून गेली, ती मोजायची नसते. मग कोपऱ्यातून एक पर्च आला. अंगावर काळे पट्टे, पर लालसर, आणि चेहरा असा की रेशनच्या रांगेत अर्धा तास झालाय. मी घाईघाईने बटण दाबलं, चुकून चहाही सांडला. दार काही उघडलं नाही. एकट्यासाठी कोण उघडतंय!

तेव्हा तुम्हीच आठवलात. एकतीस वर्षं कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी होतात, उन्हाळी आवर्तन सुटलं की रात्री दीडला आपली कडी वाजायची. "अण्णा, टेलला पाणी पोचलं नाही." तुम्ही बॅटरी घेऊन निघायचात, पण शेजपाळीत ज्याचा नंबर नाही त्याला दार उचलून द्यायचा नाहीत, मग तो मामा का असेना. आई आतून म्हणायची, माणसांना झोप नाही आणि यांना नियम. इथे मासे रांगेत आहेत, घंटा वाजवणारे जगभर पसरलेत, आणि दाराशी तुमच्यासारखाच एक जण आहे. सायकलवरून जाताना मला तो एकदा दिसला. टोपी, रबरी बूट, हातात थर्मास. हाक मारावीशी वाटली, पण काय सांगणार? माझे वडील तुमच्याच खात्यातले?

तर एवढी एकच लिंक चालवून घ्या. तुम्ही बोट लावू नका, दादा स्वतः पत्ता टाइप करून उघडून देईल. पैसे, ओटीपी, आधार, काही मागत नाही. मे अखेरपर्यंत चालतं. तुम्ही नाहीतरी चारला उठता, तेव्हा इथे मध्यरात्र असते, कॅमेऱ्याजवळ माणसं कमी. घंटा वाजवलीत तर तारीख-वेळ नेहमीच्या वहीत लिहून ठेवा, मी इथून ताडून बघेन.

आईला नमस्कार, पिंट्याला पापा.

तुमची,
मंजू

ता. क. आई, शेवग्याच्या नावाने ईमेल काढायचं डोक्यात आणू नकोस. उत्तरं मलाच लिहावी लागतील.