वर्गात नेमके काय केले, ते एकमेकांना सांगू या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवे सत्र सुरू झाले की महाविद्यालयांत वेळापत्रक, कार्यभार आणि प्रवेशाचे आकडे यांवर भरपूर बोलणे होते. वर्गात शिकवायचे कसे, यावर मात्र स्टाफरूममध्ये फारसे कोणी बोलत नाही. आपल्याकडे एका विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न असतात. त्या सगळ्यांत एकाच अभ्यासक्रमाचा एकच घटक साधारण एकाच पंधरवड्यात शिकवला जातो. प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्रात मुले कुठे अडतात, हे त्यांतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाने ती अडचण कशी सोडवली, हे कळायला मात्र मार्ग नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम लागू झाले, तेव्हा ही उणीव फारच जाणवली.

शिक्षकांचे उजळणी वर्ग होतात, केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली ऑनलाइन प्रशिक्षण होते, वेबिनारची प्रमाणपत्रे पदोन्नतीच्या फायलीत लागतात. त्यांत ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ आणि ‘सर्वसमावेशकता’ यांच्या व्याख्या मिळतात. जमिनीला ठोकलेल्या बाकांच्या खोलीत, ऐंशी मुलांसमोर, ४८ मिनिटांच्या तासात काय करायचे, ते दुसऱ्या शिक्षकाकडूनच कळू शकते. तेही त्याने बारकाव्यांसकट सांगितले तर.

बारकावे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून दाखवतो. ‘महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर वस्तूंच्या किमतींचे काय झाले?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा. पर्याय चार: (अ) किमती उतरल्या, (ब) स्थिर राहिल्या, (क) वाढल्या, पण आधीपेक्षा हळू, (ड) दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. प्रत्येकाजवळ दोनदा दुमडलेला कोरा कागद असावा. त्याच्या चार बाजूंवर अ, ब, क, ड ही अक्षरे जाड स्केचपेनने लिहिलेली. एक मिनिट कोणाशीही न बोलता विचार करायचा. ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी कागद छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला पुढच्याचे उत्तर दिसत नाही. शिक्षकाने नुसती नजर फिरवून अंदाज घ्यावा, मोजत बसू नये. बरोबर उत्तरे, म्हणजे (क), ३० टक्क्यांहून कमी असतील तर घटक पुन्हा समजवावा लागेल. ७० टक्क्यांहून अधिक असतील तर कारण दोन वाक्यांत सांगून पुढे जावे. मधल्या पट्ट्यात असतील तर मुलांना सांगावे, ‘वेगळे उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला तुमचे म्हणणे पटवून द्या.’ तीन मिनिटांनी पुन्हा कागद वर. सगळे मिळून आठ-दहा मिनिटे जातात. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिला यंत्रे लागत नाहीत, कागदावर भागते.

आता ती फसते कुठे, ते सांगायला हवे. कागदाऐवजी हात वर करायला लावले की मुले आधी वर्गातल्या हुशार मुलाकडे बघतात. पहिल्या फेरीनंतर शिक्षकाने ‘बऱ्याच जणांचे बरोबर आहे’ एवढे म्हटले तरी चर्चा संपते, कारण आता पटवून देण्यासारखे काही उरले नाही, असे मुलांना वाटते. चुकीचे पर्याय टेबलाशी बसून बनवले तर ते हास्यास्पद होतात. ते मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून उचलावेत. ‘किमती उतरल्या’ हा पर्याय असाच मिळतो. दर उतरला म्हणजे किंमतही उतरली, असे मुलांना मनापासून वाटत असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चर्चा इंग्रजीतच करायला लावली की मराठी माध्यमातून आलेली मुले गप्प बसतात, मग शिक्षकाला वाटते त्यांना काही येत नाही. चर्चा मराठीत, हिंदीत, घरच्या बोलीत, कशातही होऊ द्यावी. शेवटचे एक वाक्य परीक्षेच्या भाषेत लिहून घ्यावे.

‘समजले का?’ या प्रश्नाला पहिल्या दोन बाकांवरची मुले मान डोलावतात आणि तास पुढे सरकतो. कागदाच्या पद्धतीत शेवटच्या बाकावरची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगीही उत्तर देते. सर्वसमावेशक अध्यापन म्हणतात ते हेच, असे आमचे मत आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते, तर मुलांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के.

याहून सोप्या गोष्टीही आहेत. प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबावे. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो. तासाच्या शेवटच्या तीन मिनिटांत अर्ध्या पानावर ‘आज कुठे अडले?’ एवढेच, बिननावाने, लिहून घ्यावे. चिठ्ठ्यांचे अडचणींनुसार तीन गठ्ठे करायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे सर्वांत मोठ्या गठ्ठ्याला द्यावीत. ती दिली नाहीत, तर तिसऱ्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

नोट्सचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. मराठीतून शिकवणारे अनेक शिक्षक अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्स वाटतात किंवा वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ गटावर टाकतात. पडद्यावर अक्षरे छान दिसतात, पण अंध विद्यार्थ्याचे एनव्हीडीएसारखे वाचक सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टचा मजकूर निरर्थक अक्षरांसारखा वाचते आणि फोटोवर मुकाट राहते. तपासणी एका मिनिटाची आहे: नोट्समधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात आहे. भलतीच चिन्हे उमटली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल त्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे मोफत परिवर्तक मिळतात, पण त्यांत जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून एकदा वाचून घ्यावे लागते. एका विषयाच्या चार शिक्षकांनी घटक वाटून घेतले तर हे काम एका सुट्टीत उरकते.

शिकवतानाही ‘ही रेषा इथून इथे गेली’ असे म्हणू नये. ‘मागणीची रेषा उजवीकडे सरकली’ असे म्हणावे. कमी ऐकू येणारा विद्यार्थी असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लेखी परीक्षेत पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, हे बहुतेकांना माहीत असते. अर्ध्या तासाच्या अंतर्गत चाचणीतही त्याच हिशेबाने १० मिनिटे द्यायला हवीत, हे विसरले जाते.

गट पाडताना मुलांवर सोडले की गाव, जात, माध्यम यांप्रमाणेच गट पडतात. चिठ्ठ्या टाकून पाडले तर चौघांत एकटी मुलगी किंवा वर्गातला एकमेव आदिवासी विद्यार्थी एकटा पडू शकतो. तेवढे हाताने बदलावे. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी प्रवर्गनिहाय नावे भर वर्गात वाचण्याची पद्धत आजच बंद व्हावी. त्या पाच मिनिटांत जे होते, ते सत्रभर भरून निघत नाही.

हे सगळे एकमेकांपर्यंत पोहोचवायचे कसे? महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात ‘उत्तम उपक्रम’ लिहिले जातात, पण ते संस्थेच्या पातळीवरचे असतात आणि अडचणींच्या रकान्यात बहुधा निधीची कमतरता एवढेच येते. आम्ही सुचवतो ती एका पानाची नोंद: विषय आणि घटक, मुलांची संख्या, नेमके काय केले आणि किती मिनिटे लागली, कोण सामील झाले नाही, काय फसले, पुढच्या वेळी काय बदलणार. शेवटचे तीन मुद्दे नसतील तर नोंद परत करावी, कारण दुसऱ्या शिक्षकाला त्यांचाच उपयोग असतो. विभागाने पंधरा दिवसांतून एकदा ४० मिनिटे बसून दोनच नोंदींवर बोलावे. सत्रातून दोनदा सहकाऱ्याच्या तासाला मागे बसावे आणि आधी ठरवलेली एकच गोष्ट टिपावी, उदाहरणार्थ किती वेगवेगळी मुले बोलली. या टिपणाचा पदोन्नतीशी किंवा गोपनीय अहवालाशी कसलाही संबंध ठेवू नये. तो आला की शिक्षक त्या दिवशी ठेवणीतला तास घेतो, आणि पाहण्यासारखे काही उरत नाही.

एक मोठा अडथळा पैशाचा आहे. अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाहतात. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. बैठकीचे, निरीक्षणाचे, नोंदी लिहिण्याचे काही नाही. त्यांना फुकट बोलावणे अन्यायाचे आहे आणि वगळले तर देवघेव अपुरी राहते. महिन्यातून दोन बैठकांचे मानधन तासिकेच्या दराने द्यावे.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आमची विनंती आहे की, प्रथम वर्षाचा एकच पेपर निवडून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याच्या प्रत्येक घटकासमोर या नोंदींसाठी जागा द्यावी. नोंद मराठी किंवा इंग्रजीत, युनिकोडमध्ये असावी आणि विद्यार्थ्यांची नावे त्यात नसावीत. पहिल्या सत्रानंतर मंडळाने त्या वाचाव्यात. एकाच घटकाशी दहा महाविद्यालयांतली मुले अडत असतील, तर त्या घटकाला दिलेले तास वाढवायला हवेत, आणि हे ठरवण्याचा अधिकार अभ्यासमंडळाकडेच आहे.

आपले,
काही महाविद्यालयीन प्राध्यापक