आमची दाखल नोंदवही आणि पाच जुने संगणक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाटण तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकवीस वर्षे ग्रंथपाल आहे. 'ब' वर्गाचे वाचनालय, साडेचौदा हजारांच्या आसपास पुस्तके, वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. संगणक सहा. ते सगळे २०१६ साली देणगीतून घेतलेले. त्यांतल्या पाचांवर गेल्या दिवाळीनंतर आम्ही विंडोज काढून लिनक्स ही मोफत, मुक्त संगणक प्रणाली घातली. त्याचा अनुभव सविस्तर कळवावा असे वाटले, कारण आमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या शेजारच्या चार वाचनालयांनी आणि दोन शाळांनी मला आतापर्यंत 'हे कसे केले?' हाच प्रश्न विचारला आहे.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वर्षभराच्या मुदतवाढीची सोय आहे, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचे संगणक सहाव्या पिढीचे. म्हणजे पुढे जाता येत नाही आणि आहे तिथे राहणे सुरक्षित नाही. आमच्याकडची मुले याच संगणकांवर परीक्षेचे अर्ज भरतात, आधार क्रमांक टाकतात, बँकेचे पैसे भरतात. त्यांच्यासमोर असुरक्षित संगणक ठेवणे मला पटत नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, हे भंगारात द्या, नवे घ्या." एका नव्या संगणकाचे दरपत्रक बेचाळीस हजारांचे. सहा संगणकांचे किती होतात ते कार्यकारी मंडळाला सांगण्याचीही मला हिंमत झाली नाही. आमचे अनुदान दोन हप्त्यांत येते आणि त्यात पगार, वीजबिल, वर्तमानपत्रे आणि नवी पुस्तके बसवायची असतात.

आणखी एक गोष्ट लिहिते. ती लपवण्यात अर्थ नाही. आमच्या सहापैकी दोन संगणकांवरचे विंडोज अधिकृत नव्हते. एकदा बिघाड झाल्यावर दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्हवरून जे घालून दिले ते आम्ही वर्षानुवर्षे वापरले. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारताना आणि पुस्तक हरवले की सभासदाकडून किंमत वसूल करताना मला ते खुपत असे. सार्वजनिक संस्थेत चोरीची प्रत नको, एवढ्या एका कारणासाठीही मी हा बदल केला असता.

मार्ग दाखवला आमच्या एका सभासदाच्या मुलीने. ती कराडला अभियांत्रिकीला आहे आणि दिवाळीला घरी आली होती. "काकू, काही पुसायचं नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघू. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढायचा, संगणक होता तसा." तिने लिनक्स मिंट नावाची प्रणाली आणली होती, त्यातलीही जुन्या संगणकांना झेपणारी हलकी आवृत्ती. दोन दिवस आम्ही ती तशीच पेनड्राइव्हवरून चालवली. वायफाय लागले, आवाज आला, मराठी संकेतस्थळे नीट दिसली. तिसऱ्या दिवशी पहिल्या संगणकात घातली, त्याला अर्धा तासही लागला नाही. पाचही संगणकांना जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या वेगवान चकत्या, बसवल्या, एकेक साधारण दीड हजाराची. मंडळाने मंजूर केलेला सगळा खर्च एवढाच. वळवाच्या पावसात आमच्याकडे दिवसातून तीन-चारदा वीज जाते. पूर्वी प्रत्येक वेळी संगणक सुरू व्हायला सहा-सात मिनिटे लागत आणि रांगेतली मुले चुळबुळ करत. आता मिनिटभरात पडदा समोर येतो. यात एसएसडीचा वाटा मोठा आहे हे मान्य.

अभ्यासिकेतल्या मुलांना दोन दिवसांत सवय झाली. त्यांचे नव्वद टक्के काम फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये असते आणि फायरफॉक्स दोन्हीकडे सारखेच. सकाळी येणाऱ्या ज्येष्ठ सभासदांपैकी कोणी वेगळे काही झाले असे म्हटलेच नाही. मला स्वतःला 'सी ड्राइव्ह कुठे गेला' याचा आठवडाभर त्रास झाला, मग तोही संपला.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

आमची दाखल नोंदवही आम्ही २००७ पासून संगणकावर घेतली. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक, अशा अकरा हजारांवर नोंदी. त्या काळी सगळ्यांप्रमाणे आम्हीही युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट वापरला. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत.) त्याच्या प्रोग्रॅमला संगणकाच्या मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावावे लागे. लिनक्सवर ती फाईल उघडली तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांचे काम होते ते. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बसून मी आणि माझ्या तेव्हाच्या मदतनीस बाईंनी ते केले होते.

त्या मुलीने समजावून सांगितले तेव्हा कळले की नोंदी कुठे गेल्या नव्हत्या, पण त्या कधी मराठीत नव्हत्याच. अशा फॉन्टमध्ये फाईलीत साठते ते इंग्रजी अक्षरांचे संकेत, फक्त फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. डोळ्यांना मराठी आणि संगणकाला इंग्रजी. तो फॉन्ट लिनक्सवर घालून नोंदी वाचता आल्या असत्या, पण नीट शोधता आल्या नसत्या आणि अकारविल्हे लावता आल्या नसत्या. खरे तर विंडोजवरही त्या कधी नीट शोधता येत नव्हत्या. अठरा वर्षे मी 'शोधा'चे बटण सोडून दाखल क्रमांकावरून पुस्तके काढत आले, आणि संगणकाचे मराठी इतकेच असते असे समजत राहिले.

मग रूपांतर सुरू केले. इंटरनेटवर फुकट रूपांतरक मिळतात. पाचशे पाचशे ओळी घालायच्या आणि युनिकोडमध्ये बाहेर काढायच्या. ते ऐंशी टक्के काम करतात, उरलेले वीस टक्के माणसाने करायचे. जुन्या फॉन्टमध्ये आपण जसे दिसते तसे टंकत असू, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये जसे बोलतो तसे साठते, म्हणजे वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र अक्षराच्या आधी. रूपांतरक जिथे ही उलटापालट चुकतो तिथे 'आर्थिक'चे 'आथिर्क' होते, 'धर्म'चे 'धमर्' आणि 'स्थिती'चे 'सि्थती'. अनेक मराठी संकेतस्थळांच्या जुन्या पानांवर वाचकांनी हे 'आथिर्क' पाहिले असेल. ते टंकणाऱ्याचे अज्ञान नाही, ही अशा रूपांतराची खूण आहे. अर्थशास्त्राचा आणि धर्माचा विभाग आमच्याकडे मोठा, त्यामुळे आमच्या वाट्याला हे भरपूर आले.

या सगळ्यात मी स्वतः इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळफलक मांडणी शिकले. माझे टंकलेखन टाइपरायटरवरचे, रेमिंग्टन पद्धतीचे, तीस वर्षे बोटांत मुरलेले. ते मोडायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत मी दोनदा सोडून द्यायचे ठरवले होते. पण इन्स्क्रिप्टची मांडणी एकदा लक्षात आली की मन रमते. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. शिफ्ट दाबली की क चा ख, त चा थ, प चा फ. र वर शिफ्ट दाबली की 'दऱ्याखोऱ्या'तला ऱ मिळतो. आमच्या भागाचे नाव काढताना तो लागतोच. ही मांडणी विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे आणि मोबाइलवरही मिळते, आणि तिला डोंगल लागत नाही. शाळांनी मुलांना रोमन अक्षरांतून मराठी टंकायला शिकवण्याऐवजी हे शिकवावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

जे जमले नाही तेही सांगते. आमचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालला नाही. दोन संध्याकाळी खर्च केल्या, व्यर्थ. हिशेबनीसांचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. म्हणून सहावा संगणक, ज्याचे विंडोज अधिकृत आहे तो, तसाच ठेवला आहे. त्याची इंटरनेटची जोडणी काढली आहे. छपाई आणि हिशेब एवढीच त्याची कामे. आणि एका कार्यालयाकडून येणारे वार्षिक माहितीचे नमुने अजून त्याच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये येतात. ते उघडायलाही आम्हाला त्याच संगणकाकडे जावे लागते. शासनाचा आग्रह युनिकोडचा आहे आणि केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरणही २०१५ पासून आहे. मग गावोगावच्या संस्थांकडे जाणारा नमुना तरी युनिकोडमध्ये आणि कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या मंडळातल्या एका निवृत्त सदस्यांनी बैठकीत म्युनिकचा दाखला दिला. त्या जर्मन शहराने २००३ साली लिनक्सकडे जायचे ठरवले, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. मग आपले कसे टिकणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी केरळचे उदाहरण दिले. तिथे सरकारी शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला, आज ते काम 'काइट' ही सरकारी संस्था करते. त्यांनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार केली आणि दहावीची मुले माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा तिच्यावरच देतात. तिथे नुसते सॉफ्टवेअर बदलले नाही, शिक्षकांना शिकवले, धडे मल्याळममध्ये केले. आपल्याकडे मराठीत हे का होऊ नये? लिब्रऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मेनू मराठीत करता येतो हे मला नोव्हेंबरपर्यंत माहीत नव्हते. आज आमच्या बाल विभागातली मुले मेनू मराठीत वाचतात.

ग्रंथपाल म्हणून मला यात सर्वांत भावले ते परवान्याचे. पुस्तक मी दहा जणांना वाचायला देऊ शकते, विंडोजची एक प्रत दहा संगणकांवर घालू शकत नाही. लिनक्सचा परवाना सांगतो की वापरा, आतून कसे चालते ते पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. आमच्या धंद्याचाच हा नियम आहे. ग्रंथालयांसाठीचे 'कोहा' हे सॉफ्टवेअरही असेच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती. त्यांनी नवी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरायला काढली आणि जगाला मोकळी करून दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तारखेमुळे अडलेल्या एका ग्रंथालयातून ते जन्मले हे वाचले तेव्हा मला आमचा ऑक्टोबर आठवला. नोंदी शुद्ध झाल्या की देवघेव विभाग कोहावर न्यायचा आमचा विचार आहे.

म्हणून जी वाचनालये आणि शाळा मला विचारतात त्यांना मी सांगते की संगणकाला हात लावण्याआधी आपल्या फाईली उघडून बघा. त्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर जुना संगणक चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणा. तो संगणक आणि ते डोंगल बंद पडल्यावर हे काम फार अवघड होईल. प्रणाली बदलायला आम्हाला पाच दिवस लागले. नोंदवहीला सातवा महिना चालू आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या चार मुली रोज दोन तास येतात. एक जुन्या छापील प्रतीतून मोठ्याने वाचते, दुसरी पडद्यावर तपासते. आता नोंदी पुस्तकांच्या नावांनुसार अकारविल्हे लागतात, त्यामुळे काम त्याच क्रमाने चालले आहे. काल संध्याकाळी 'व' संपला. आज 'श' घेतला आहे.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. पाटण, जि. सातारा